‘बारोमास’ : एका कुटुंबाच्या शोकांतिकेचे मूल्यमापन

बुलडाणा जिल्ह्यातील कादंबरीकार सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तथापि ‘शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी’ एवढ्यावरच तिचे मूल्यमापन थांबविणे अपुरे ठरते.

सुभानराव, शेवंतामाय, एकनाथ, मधुकर आणि अलका यांच्या कुटुंबाची ही शोकांतिका आहे. येथे कोणी एक खलनायक नाही. उच्चशिक्षित एकनाथला नोकरी नाही आणि शेती परवडत नाही. शेत विकून नोकरी मिळवावी, असे मधुकरला वाटते. सुभानरावांना मात्र शेत विकणे म्हणजे स्वतःलाच विकणे वाटते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, म्हणूनच घर आतून दुभंगते.

कादंबरीचा संथ विस्तार आणि संवादांतील दाट वऱ्हाडी बोली वाचकाची परीक्षा पाहतात. परंतु हा विस्तार दोष मानता येत नाही. पेरणी, पावसाची प्रतीक्षा, पडलेले भाव आणि पुन्हा कर्ज या चक्राने वाचकही थकतो, तेव्हाच शीर्षकाचा अर्थ उलगडतो : हे संकट हंगामी नसून बारमाही आहे.

एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. अलकाची घुसमट प्रामुख्याने एकनाथच्या संदर्भातच येते. त्यामुळे या घरातील स्त्रीची शोकांतिका पुरेशी स्वतंत्र होत नाही. असे असले तरी आत्महत्यांच्या आकडेवारीत न मावणारे शेतकऱ्याचे घर या कादंबरीने मराठी वाचकासमोर उभे केले, हे तिचे निर्विवाद यश होय.