बारीक दंडाचा रक्तदाब

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळिशीपुढच्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. 'लासी' या नावाने तो ओळखला जातो. वार्धक्य हा विषय वर्गात घ्यायचा तर शिक्षकांनी हा अहवाल जरूर चाळावा. आमचा आक्षेप आहे तो त्यातले आकडे सरसकट उचलण्याला.

साठीपुढच्या शंभरांपैकी २७ जण कमी वजनाचे आणि ३२ जणांना उच्च रक्तदाब, हे दोन आकडे नेहमी उद्धृत होतात. पैकी दुसरा आकडा, डॉक्टरांनी रक्तदाब असल्याचे सांगितले आहे का, या प्रश्नाला मिळालेल्या होकारांचा आहे. पाहणीत यंत्राने मोजणीही झाली होती, पण ती कोण पाहतो? जो दवाखान्याची पायरी चढलाच नाही, तो होकारांच्या हिशेबात निरोगी ठरतो.

भिवंडीच्या यंत्रमागावर उमेद घालवलेला, वाकलेला, किडकिडीत म्हातारा डोळ्यांपुढे आणा. त्याचे वजन ४४ किलो, उंची १५० सेंटिमीटर. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की १९.६ येतात. १८.५ च्या वर, म्हणजे पोषण ठीक! पण तरुणपणी तो १५५ सेंटिमीटर होता. पाठ वाकली, मणक्यांमधल्या चकत्या दबल्या. जुनी उंची धरली तर उत्तर १८.३ येते, आणि तोच माणूस कमी वजनाच्या रकान्यात जातो. स्नायू झडून त्या जागी चरबी आली असेल, तर तेही वजनकाट्याला कळत नाही.

आता रक्तदाब. दंडाचा घेर २२ ते २६ सेंटिमीटर असेल तर लहान पट्टा लागतो. नेहमीचा मोठा पट्टा बांधला की रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. (जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर उलट.) म्हणजे उंची आणि पट्टा, दोन्ही मापे या म्हाताऱ्याच्या बाबतीत एकाच दिशेने चुकतात : तो आहे त्यापेक्षा धडधाकट दिसतो.

वजनाबरोबर रक्तदाबाचा धोका वाढतो, हे खरेच आहे. पण त्यावरून 'बारीक माणसाला कसला आलाय रक्तदाब' असे म्हणता येत नाही. वयाबरोबर मोठ्या रोहिण्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो. त्यासाठी लठ्ठ असावे लागत नाही. त्यात भाजी-फळे बेताची आणि भाकरीबरोबर लोणचे, पापड किंवा सुके बोंबील असतील, तर पोटॅशियम कमी आणि मीठ भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली, म्हणजे जेमतेम चमचाभर.

आणखी एक गोष्ट. अहवालातले आकडे राज्यवार आहेत. त्यात भिवंडी शोधून सापडणार नाही. शिवाय इथले अनेक कामगार उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून आलेले. हात चालेनासे झाले की जो गावी परततो, त्याचा रक्तदाब मोजलाच गेला, तर त्याची नोंद तिकडच्या राज्याच्या खात्यावर पडते.