तारणासाठी तारण काय?

मराठीत 'तारण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. ख्रिस्ती माणूस तारण म्हणतो तेव्हा त्याला पापातून होणारी सुटका अभिप्रेत असते. सावकाराच्या ओट्याखाली उभा असलेला माणूस तारण म्हणतो तेव्हा कर्जापोटी गहाण टाकलेला जमिनीचा तुकडा किंवा घरातले डोरले त्याच्या डोळ्यांपुढे येते. तारण सर्वांसाठी खुले आहे काय, हा ज्यू आणि ख्रिस्ती धर्मविचारातला फार जुना वाद. त्याची चर्चा नेहमी पहिल्या अर्थाने होते. मला ती दुसऱ्या अर्थाने करावयाची आहे. दार उघडे की बंद, एवढे विचारून भागत नाही. आत जाताना माणसाकडून काय गहाण मागितले जाते, हे पाहिले पाहिजे. दाराबाहेर उभे राहण्याचा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, त्यांनी तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शिवाय या दोन्ही धर्मांच्या हिशेबात मी बाहेरचाच आहे. तेव्हा हा वाद माझ्याविषयीही आहे.

आधी ज्यू परंपरा पाहू. येथे 'तारण' हा शब्द काटेकोरपणे लागू पडत नाही. आदिपाप आणि त्यातून सोडवणारा तारणारा, ही ख्रिस्ती मांडणी या परंपरेत नाही. तिथे प्रश्न असा विचारला जातो की, 'येणाऱ्या जगात' वाटा कोणाला? मिश्नाच्या सन्हेद्रिन प्रकरणात उत्तर आहे: सर्व इस्राएलाला, काही अपवाद वगळून. मग इतरांचे काय? तोसेफ्ता या ग्रंथात या प्रश्नावर दोन रब्बींचा वाद नोंदलेला आहे. रब्बी एलिएझर म्हणतात, परक्या राष्ट्रांतील कोणालाही वाटा नाही. आधारासाठी ते नववे स्तोत्र पुढे करतात. दुष्ट लोक आणि देवाला विसरणारी सर्व राष्ट्रे अधोलोकात जातील असे तिथे म्हटले आहे. रब्बी यहोशुआ त्याच ओळीवर बोट ठेवून सांगतात, ओळ 'सर्व राष्ट्रे' या शब्दांवर थांबली असती तर तुमचे खरे होते. पण 'देवाला विसरणारी' हे शब्द पुढे आहेत. म्हणजे न विसरणारे, सदाचारी लोकही त्या राष्ट्रांत आहेत आणि त्यांना वाटा आहे.

शास्त्र तेच, ओळ तीच; एकाने तिच्यातून कुंपण काढले, दुसऱ्याने वाट काढली. ग्रंथप्रामाण्याच्या नावाने विषमता शिकवणाऱ्यांशी ज्यांचा झगडा झाला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पुढे परंपरेने सामान्यतः यहोशुआंचे मत स्वीकारले. परक्याने ज्यू व्हावे लागत नाही. नोहाच्या वंशजांना, म्हणजे सगळ्या मानवजातीला, सांगितलेले सात नियम पाळले की पुरे. मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, व्यभिचार, चोरी आणि जिवंत प्राण्याचे तोडलेले मांस खाणे वर्ज्य. शिवाय न्यायालये स्थापावीत. धर्म बदला अशी अट न घालता परक्याला वाटा देणारा हा विचार मला मोलाचा वाटतो.

पण बाराव्या शतकात मायमोनिडीसने त्याला एक अट जोडली. हे नियम देवाने मोशेमार्फत सांगितले म्हणून जो पाळतो, तोच राष्ट्रांतील पुण्यवान आणि त्यालाच वाटा. स्वतःच्या बुद्धीला पटले म्हणून जो पाळतो तो पुण्यवानांत मोडत नाही. मग तो कोणात मोडतो? येथे पाठभेद आहे. छापील प्रतींत 'आणि त्यांच्या ज्ञात्यांतही नाही' असे आहे. हस्तलिखितांत 'तर त्यांच्या ज्ञात्यांत' असे आहे. हिब्रूमध्ये फरक एका अक्षराचा. त्या एका अक्षरावर बुद्धीने नीतिमान झालेल्या माणसाची प्रतिष्ठा टांगलेली! अर्थात अनुकूल पाठ घेतला तरी त्याला ज्ञात्याचा मान मिळतो, वाटा मिळत नाही. वाट्यासाठी गहाण मागितली आहे ती स्वतंत्र बुद्धी.

मोझेस मेंडेल्सोन या ज्यू विचारवंताला हे मानवले नाही. १७६९ मध्ये लावाटर नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने त्याला जाहीर आव्हान दिले की ख्रिस्ती मताचे खंडन कर, नाहीतर ते स्वीकार. मेंडेल्सोनने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, कन्फ्यूशियस किंवा सोलोन आज भेटला तर मी त्याच्यावर प्रेम करीन. त्याला माझ्या धर्मात ओढण्याचा विचारही मला हास्यास्पद वाटेल. पुढे १७७३ मध्ये त्याने रब्बी याकोब एम्डेन यांच्यापुढे मायमोनिडीसच्या त्या अटीविषयीची आपली अडचण लिहून मांडली. एम्डेनकडून त्याला पाठिंबा मिळाला नाही.

ख्रिस्ती परंपरेचा आरंभ याहून क्रांतिकारक आहे. ज्यू आणि ग्रीक, गुलाम आणि स्वतंत्र, स्त्री आणि पुरुष हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत, असे पौलाने गलतीकरांना लिहिले. परक्यांवरची सुंतेची सक्ती त्याने झुगारली. तिसऱ्या शतकात ओरिजेनने तर अखेरीस सारी सृष्टी देवाकडे परत येईल अशी आशा मांडली. परंतु त्याच शतकात कार्थेजच्या सिप्रियनने चर्चबाहेर तारण नाही असे सांगितले आणि संघटनेला तेच सोयीचे ठरले. ५५३ च्या सुमारास ओरिजेनच्या नावावर चालणारी मते धिक्कारली गेली. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने ठरवून टाकले की मूर्तिपूजकच काय, ज्यू, पाखंडी आणि फुटीर ख्रिस्तीही मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर शाश्वत अग्नीत जातील. सर्वांना बोलावणारे दार आणि न येणाऱ्या सर्वांसाठी अग्नी, या एकाच सिद्धान्ताच्या दोन बाजू झाल्या.

आणि जे आत आले त्यांचे काय झाले? १६६७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीने कायदा केला की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाची गुलामी सुटत नाही. बाप्तिस्म्याचे पाणी आत्म्यापर्यंत पोहोचले. पायातल्या बेडीपर्यंत त्याने पोहोचू नये याची तजवीज मालकांनी केली. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास बायबल छापले गेले. मिसरच्या दास्यातून इस्राएल सुटल्याची कथा त्यातून वगळली होती. गुलाम आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, हे पौलाचे वचनही त्यात नव्हते. तारण मृत्यूनंतरच्या जगात ढकलले की ते कोणालाही देता येते. त्यात मालकाचे काहीच जात नाही. येथे गहाण पडला तो माणसाचा देह.

विसाव्या शतकात रोमन चर्चने आपली भूमिका बरीच बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितले की ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची सुवार्ता ठाऊक नाही, पण जे सद्‌सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. देवाचे स्पष्ट ज्ञान न झालेल्यांनाही, ते सन्मार्गाने जगण्याची धडपड करीत असतील तर, हे लागू आहे. १४४२ पासून १९६४ पर्यंतचा हा प्रवास लहान नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच दस्तऐवजात असेही म्हटले आहे की, ख्रिस्ताने चर्च आवश्यक म्हणून स्थापले हे जाणूनही जो आत येण्यास नकार देतो, त्याला तारण नाही. यावर ख्रिस्ती अभ्यासक म्हणतील, 'जाणणे' म्हणजे मनोमन पटणे. पटूनही नाकारणाऱ्याविषयी हे विधान आहे. ठीक आहे. मग ज्याने वाचले, तोलले आणि ज्याला पटले नाही, त्याचे काय? त्याला 'न जाणणाऱ्यां'च्या रांगेत बसवावे लागते. म्हणजे बाहेरचा माणूस एकतर दोषी ठरतो किंवा अजाण. विचार करून असहमत झालेला प्रौढ माणूस, असा तिसरा रकानाच या वहीत नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांपुढे अनेक धर्मांची दारे उघडली गेली होती. एकवीस वर्षांनी, १९५६ मध्ये, त्यांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. हा निर्णय अज्ञानाचा होता काय? दोषाचा होता काय? या रकान्यांत तो बसत नसेल तर उणेपणा रकान्यांचा आहे.

जर्मन धर्मपंडित कार्ल रानर याने अशा बाहेरच्या सज्जनांना 'अनामिक ख्रिस्ती' म्हटले. हेतू उदार होता, यात शंका नाही. पण ज्याला न विचारता नाव दिले जाते त्याला त्या उदारतेची चव कशी लागते, हे 'हरिजन' शब्द सोसलेल्या माणसाला विचारावे. जपानी विचारवंत केइजी निशितानी यांनी रानरला विचारले होते, मी तुम्हाला अनामिक झेन बौद्ध म्हटले तर? आपल्याला तो सन्मानच वाटेल, असे रानरने सांगितले. उत्तर सुसंस्कृत आहे. पण ज्याच्या पाठीशी बलाढ्य संस्था उभी आहे, त्याला दुसऱ्याने दिलेले नाव सहज मिरवता येते. नावाखाली दबलेल्याला ती सोय नसते.

या साऱ्या वादातून जिवंत वाट काढली ती आत येऊनही बेडीत राहिलेल्यांच्या वंशजांनी. अमेरिकेत जेम्स कोन यांनी १९६९-७० च्या सुमारास कृष्णवर्णीयांचा धर्मविचार मांडला; १९७१ मध्ये पेरूमध्ये गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी मुक्तीचा धर्मविचार मांडला; १९८१ मध्ये बंगलोरला अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या धर्मविचाराची हाक दिली आणि त्यातून दलित ख्रिस्ती धर्मविचार उभा राहिला. तारण याच जगात, याच देहाला आणि याच समाजात मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आहे. कोण तरेल, या प्रश्नाला त्यांनी कोण कोणाला बुडवतो, हा प्रश्न जोडला.

शेवटी एक उदाहरण आपल्या कोकणातले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले मराठी बोलणारे बेने इस्राएल इस्राएल देशात गेले. येणाऱ्या जगात त्यांचा वाटा होताच. पण १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. त्यांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर आंदोलन केले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता दिली. याच समाजात 'गोरा इस्राएल' आणि 'काळा इस्राएल' असा भेद होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार टाळला जाई, हेही विसरता येत नाही. स्वर्गाचे दार उघडणे सोपे असते; लग्नाच्या मांडवाचे दार उघडणे कठीण जाते.

म्हणून विद्यार्थी आणि कार्यकर्ते मित्रांना माझे सांगणे आहे की, कोणताही धर्म वा विचार 'सर्वांसाठी खुला' असल्याचे सांगू लागला की तीन गोष्टी विचाराव्यात. आत येण्यासाठी माझी बुद्धी गहाण मागता काय? माझा देह मालकाकडेच ठेवता काय? आणि मी विचारपूर्वक नाही म्हटले, तर मला माणूस म्हणून मोजता काय? हेच प्रश्न आपल्या घरालाही लागू आहेत. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जात टाकली असे आपण म्हणतो. स्थळ आले की पोटजात हळूच विचारतो. दुसऱ्यांच्या दारांची समीक्षा आपण केली, ती केलीच पाहिजे. आता आपल्या मांडवाच्या दारात कोण थांबले आहे, तेही पाहू या.