खांद्यापर्यंतचा हात

जेम्स हेरियट यांचं 'इफ ओन्ली दे कुड टॉक' (१९७०) उघडलं की पहिल्यांदा भेटतो तो फरशीवर पालथा पडलेला गुरांचा डॉक्टर. यॉर्कशरमधला गोठा, खाली दगडगोटे, उघड्या दारातून आत भिरभिरणारं हिम. कमरेपर्यंत उघडा, अंगावर घाण आणि वाळलेलं रक्त, एक हात खांद्यापर्यंत अडलेल्या गायीच्या पोटात. पाय दगडांच्या फटींत आधार शोधताहेत. शेतकऱ्याच्या हातातल्या धुरकट दिव्यापलीकडे सगळा अंधार. नाव-गाव-शिक्षण यांपैकी काही कळायच्या आतच वाचक त्याच्या शेजारी त्या गार दगडांवर आडवा झालेला असतो.

काहीही दिसत नाही, यातच या सुरुवातीची खुमारी आहे. डोळ्यांचं काम बोटांकडे आलं आहे. वासराची मान मागे वळली आहे, हे तो चाचपून जाणतो. दोरीचा फास बोटांवर घेऊन आत सरकवायचा. तेवढ्यात गाय कळ देते, हात हाडांमध्ये चेंगरतो, बोटं बधिर होतात. कळ ओसरली की पुन्हा पहिल्यापासून. ज्याने अडलेल्या गायीपाशी एखादी रात्र काढली आहे, त्याला हे वाचताना आपलाच दंड दुखल्यासारखा वाटतो. आणि मध्येच आठवतं ते पाठ्यपुस्तकातलं चित्र: स्वच्छ झगा घातलेला हसरा डॉक्टर, हसरीच गाय. कॉलेज आणि गोठा यांतलं अंतर हेरियट एवढ्या एका आठवणीत मोजून दाखवतात.

प्रकरणाची लय मात्र गायीच्या कळांइतकीच शेतकऱ्याच्या काकांच्या बोलण्यावरही चालते. घरधनी डिन्सडेल अबोल. बोलायचं काम त्याच्या काकांनी घेतलेलं. त्यांच्या ओळखीचे कुणी ब्रूमफील्ड नावाचे डॉक्टर म्हणजे बाळंतपणातले देवच. ते हाताला साबण लावत नाहीत, खास तेल लावतात. डॉक्टरने थोडी मजल मारली की काकांचा एक टोमणा, पुन्हा थोडी मजल, पुन्हा ब्रूमफील्ड. असे काका आपल्याकडेही गाय अडली की गोठ्याच्या दारात उभे असतातच. हेरियट त्यांना चढा आवाज देत नाहीत, की डॉक्टरला सडेतोड उत्तर देऊ देत नाहीत. तो दात-ओठ खाऊन काम करत राहतो, आणि विनोद आपोआप त्याच्याच अंगावर उलटतो.

अखेर वासरू बाहेर येतं, धाप टाकत श्वास घेतं. त्याला ओढत आईच्या तोंडाशी नेलं जातं. थकून आडवी झालेली गाय हुंगते आणि चाटू लागते. दुसरा लेखक इथेच थांबला असता. हेरियट यांचा खरा डाव पुढे आहे. डिन्सडेल विचारतो, प्यायला काही द्यायचं का? डॉक्टर हरखतो. दोन तास कष्ट झालेत, घेऊ की, म्हणतो. शेतकरी शांतपणे सांगतो की आपण गायीबद्दल विचारत होतो. ही गंमत मराठीत सांगताना ओढाताण करावी लागत नाही, कारण 'कुणाला' हा शब्द आपणही असाच गाळतो. न उच्चारलेला तो शब्द डॉक्टरने स्वतःचा मानला, शेतकऱ्याने गायीचा. दोघांची दोन जगं तेवढ्या फटीत दिसतात. ओशाळलेला डॉक्टर घाईघाईने सांगतो, हो, हो, तिलाच द्या. बाहेर पडताना अंधारातून काकांचा आवाज येतोच: ब्रूमफील्ड व्यालेल्या गायीला पाणी देत नाहीत, पोटाला गारवा बाधतो म्हणे.

हे लिहिणारा माणूस मात्र नवशिका नव्हता. हेरियट हे टोपणनाव; खरं नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. १९३९ मध्ये ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९४० मध्ये थर्स्क या गावी आले, आणि पशुवैद्य म्हणून आयुष्य तिथेच काढलं. लिहायला बसले ते पन्नाशीच्या सुमारास. पशुवैद्याने स्वतःची जाहिरात करणं त्या काळी व्यवसायधर्मात बसत नव्हतं, म्हणून दुसरं नाव घेतलं. तेही टीव्हीवर पाहिलेल्या एका फुटबॉल गोलरक्षकाचं. म्हणजे पन्नाशीतला मुरलेला हात इथे पंचविशीच्या आतल्या अडखळत्या हाताची गोष्ट सांगतो आहे. म्हणूनच तिच्यात काकांबद्दल राग नाही की स्वतःबद्दल कणव नाही.

'त्यांना बोलता आलं असतं तर' अशा अर्थाचं नाव असलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात सगळ्यात जास्त बोलतो तो माणूस, आणि त्याचा उपयोग शून्य. न बोलणाऱ्या गायीची तहान मात्र अबोल डिन्सडेलने न सांगता ओळखली. डॉक्टरच्या वाट्याला घोटभरही आलं नाही; बादली कुणापुढे आधी जायची, एवढं त्या रात्री कळलं.