जकातीकडून भरपाईकडे : महानगरपालिकांच्या महसूल-संरक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना :

७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा प्राप्त झाला. १ जून १९९३ पासून ही दुरुस्ती अंमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषय समाविष्ट झाले. या विषयांचे कार्य कोणी करावे हे अनुसूची सांगते. त्यासाठीचा पैसा कोणत्या करातून उभा करावा, हे मात्र ती सांगत नाही. केंद्रसूची व राज्यसूचीप्रमाणे स्थानिक संस्थांसाठी करांची स्वतंत्र सूची घटनेत नाही. अनुच्छेद २४३-एक्सनुसार कोणता कर कोणत्या संस्थेने आकारावा हे राज्य विधिमंडळ ठरवू शकते. ‘शकते’ या एका क्रियापदावर महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे अर्थकारण उभे आहे. वस्तू व सेवा करानंतर स्थानिक संस्थांच्या भरपाईसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये जो कायदा केला, त्याचे परीक्षण प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केले आहे.

जकातीचे जाणे :

जकात हा कोणाच्याही प्रेमाचा कर नव्हता. दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर खोळंबलेल्या मालमोटारींच्या रांगा, वाया जाणारे इंधन व कामाचे तास आणि नाक्यावरील व्यवहाराविषयीची सार्वत्रिक कुरबुर यांमुळे अर्थतज्ज्ञांनी तिच्याविरुद्ध दीर्घकाळ लिहिले, आणि ते योग्यच होते. परंतु तिचा एक गुण टीकाकारांनी सहसा नोंदविला नाही. हा पैसा मंत्रालयात न जाता थेट पालिकेच्या तिजोरीत पडत असे, आणि तोही दररोज. शहरातील व्यापार वाढला की पालिकेचे उत्पन्न वाढे. त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नसे.

एप्रिल २०१० पासून काही महानगरपालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. २०१३ मध्ये तो मुंबई वगळता इतर महानगरपालिकांना लागू झाला आणि व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दीर्घ बंद पुकारला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. यात व्यापाऱ्यांची बाजू चूक होती असे म्हणता येत नाही. मात्र आपला कर रद्द होताना महानगरपालिकांचे सभागृह या वादात पक्षकार म्हणून कोठेच नव्हते. वाटाघाटी व्यापारी आणि राज्य शासन यांच्यात झाल्या, महसूल मात्र तिसऱ्याचाच गेला.

२०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ वी नोंद वगळली व जकातीचा घटनात्मक आधारच संपला. जाहिरातींवरील कराची ५५ वी नोंदही वगळली गेली. ६२ व्या नोंदीत मनोरंजन कर तेवढा स्थानिक संस्थांच्या पातळीपुरता शिल्लक राहिला. मुंबईतील जकात नाके ३० जून २०१७ च्या मध्यरात्री बंद झाले.

२०१७ चा कायदा :

मे २०१७ मध्ये विधिमंडळाचे विशेष अधिवेशन भरले आणि वस्तू व सेवा कराच्या कायद्याबरोबर स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा कायदाही झाला. २०१६-१७ हे आधारवर्ष, दरवर्षी ८ टक्के वाढ आणि दरमहा रक्कम अदा करणे ही त्याची सूत्रे होत. जुलै २०१७ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेला पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा मिळाला. २०२५-२६ च्या तिच्या अर्थसंकल्पात या शीर्षाखाली सुमारे १४,४०० कोटी रुपये, म्हणजे दरमहा सुमारे १,२०० कोटी रुपये, अपेक्षित धरले आहेत. केंद्राने राज्यांना दिलेली भरपाईची हमी पाच वर्षांची होती व ती जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतरही राज्याकडून पालिकेला रक्कम मिळत राहिली, याचे श्रेय राज्याला दिले पाहिजे.

तथापि हीच तुलना पुढे नेल्यास दुसरे चित्र दिसते. राज्यांनी केंद्राकडून स्वतःसाठी १४ टक्के वार्षिक वाढीची हमी मिळविली होती. तीच राज्यसंस्था आपल्या शहरांना हमी देताना मात्र ८ टक्क्यांवर थांबली. केंद्र-राज्य संबंधांत राज्याची जी कैफियत असते, ती राज्य-पालिका संबंधांत त्याला आठवत नाही, हा अनुभव नवा नाही.

आधारवर्षाची निवड हा कायद्याचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. एलबीटी अर्धवट स्थितीत असतानाचे आणि नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी ज्यात आली ते हे वर्ष. त्या वर्षी ज्या शहराची वसुली ज्या कारणाने जेवढी झाली, तेवढीच त्याची पुढील पायरी ठरली. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. २०१६-१७ च्या पुण्यात ती नव्हती. जकात असती तर हद्दीबरोबर नाकेही पुढे सरकले असते. टक्केवारीला हद्द समजत नाही. मंदावलेल्या शहरास ८ टक्के लाभदायक ठरतील आणि झपाट्याने वाढणाऱ्या शहरास अपुरे पडतील. दोन्ही ठिकाणी आकड्याचा शहराशी संबंध तुटलेला आहे.

याहून मूलभूत प्रश्न कायद्याच्या स्वरूपाचा आहे. साध्या बहुमताने झालेला कायदा साध्या बहुमताने बदलता येतो. ही हमी ज्याच्यापासून संरक्षण हवे त्यानेच दिलेली आहे.

कॅलिफोर्नियाचा दाखला :

मग उपाय घटनात्मक तरतुदीत आहे काय? अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९९२ नंतर तेथील राज्य शासनाने आपली तूट भागविण्यासाठी शहरांचा व काउंटींचा मालमत्ता कर शाळांच्या निधीकडे वळविला. २००४ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन १-ए’ मंजूर करून त्याला घटनात्मक बंध घातला. परंतु आर्थिक आणीबाणीत कर्जाऊ घेण्याची वाट त्यात मोकळी ठेवली होती. २००९ मध्ये राज्याने त्याच वाटेने सुमारे १.९ अब्ज डॉलर घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘प्रपोझिशन २२’ने तीही वाट बंद केली. पुनर्विकास संस्थांचा पैसाही तिने सुरक्षित केला. त्यावर २०११ मध्ये राज्याने या सुमारे ४०० संस्थाच बरखास्त करण्याचा कायदा केला, आणि पैसे भरून टिकून राहण्याची सवलत देणारा दुसरा कायदा सोबत जोडला. डिसेंबर २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बरखास्ती वैध व सवलत अवैध ठरविली. सवलत अवैध ठरण्याचा आधार ‘प्रपोझिशन २२’ हाच होता. ज्या तरतुदीने पैसा वाचविला, तिनेच संस्थेची सुटकेची वाट बंद केली.

महाराष्ट्रातील वाचकास यात ओळखीचे काही सापडेल. मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुण्यातील सभागृहांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत तेथे प्रशासक होते. या काळात भरपाईचे हप्ते सुरू होते, पण ते कसे खर्चावेत हे ठरविणारे नगरसेवक नव्हते. महसूल सुरक्षित आणि स्वराज्य स्थगित, अशी ही स्थिती होती. तत्पूर्वी जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. रहिवाशांना मिळालेल्या दिलाशाबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु निर्णय राज्य मंत्रिमंडळाचा होता आणि उत्पन्न पालिकेचे होते.

जकातीनंतर महानगरपालिकेच्या हाती उरलेला मोठा कर म्हणजे मालमत्ता कर, आणि त्यातील सवलतीही आता मंत्रालयात ठरतात. मुंबईच्या २०२५-२६ च्या अंदाजात भरपाईचा वाटा महसुली उत्पन्नाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांना या एकतृतीयांशाचा दर, आधारवर्ष वा सूत्र यांपैकी कशावरही मतदान करता येणार नाही.