आधी बिशप की आधी पोलीस?

मुंबईतली गोष्ट घाटंजीत कशाला, असं कुणी म्हणेल. ऐका तर. नोव्हेंबर २०१५. शिवाजीनगरमधला तेरा वर्षांचा मुलगा, आणि अत्याचार करणारा त्याच्याच चर्चचा फादर. घरचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांना भेटले. कार्डिनल त्या रात्री रोमला निघाले होते. मुलासाठी प्रार्थना करू, प्रकरण आतच हाताळू, असं ते म्हणाले, हे कुटुंबाने २०१९मध्ये बीबीसीला सांगितलं. दिरंगाईचा आरोप चर्चने नाकारला. डिसेंबर २०२१मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने त्या फादरला जन्मठेप दिली. सहा वर्षं लागली!

माझा आक्षेप आहे तो त्या 'आतच'वर. आत चौकशी करणार कोण? ज्यांनी त्याला नेमलं, तेच. सहकारी सोसायटीत असं ऑडिट आपण चालवून घेऊ का? (बरं, घेतोही कधी कधी.)

पोक्सोचं कलम १९ साधं आहे: कळलं की पोलिसांना कळवा. कलम २१प्रमाणे संस्थाप्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा कळवला नाही तर वर्षापर्यंत कैद. बिशपही संस्थाप्रमुखच ना?

व्हॅटिकनने २०१९मध्ये नियम केला: पाद्र्याला, ननला असं काही कळलं तर त्यांनी तक्रार करायलाच हवी. कुणाकडे? चर्चमधल्या वरिष्ठांकडे. पोलिसांचं त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं.

आणि बाकीच्यांनी मिशीवर ताव देऊ नये. आसारामला २०१८मध्ये जन्मठेप झाली, तेव्हा त्यांच्यासाठी रडणारे आपल्याच ओळखीचे होते.