तथागतांचे स्मित : ‘सित’ या शब्दाचा अर्थ आणि वापर

‘बुद्ध हसला’ हे दोन शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात इतके रुळले आहेत की, त्यांत कोणते हसणे अभिप्रेत आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. १८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे झालेल्या पहिल्या अणुस्फोटाला ‘स्मायलिंग बुद्धा’ हे नाव चिकटले. ११ मे १९९८ रोजी, नेमक्या वैशाख पौर्णिमेला, तेथेच पुन्हा चाचण्या झाल्या, तेव्हा ‘बुद्ध पुन्हा हसला’ असे म्हटले गेले. दुसरीकडे मोठ्या पोटाचा ‘लाफिंग बुद्धा’ धनलाभाचे चिन्ह म्हणून बाजारात विकला जातो. या वापरांविषयी बौद्ध समाजाची नाराजी रास्त आहे. तथापि नाराजीला ग्रंथांचा आधार असला तरच ती युक्तिवादाच्या पातळीवर टिकते. म्हणून तथागतांच्या हसण्यासाठी त्रिपिटकात कोणता शब्द येतो, तो केव्हा येतो आणि त्यातून काय निष्पन्न होते, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

तो शब्द ‘सित’. संस्कृत ‘स्मित’ याचेच हे पालि रूप असून मूळ धातू ‘स्मि’. याच धातूपासून ‘मिहित’ हे दुसरे रूप सिद्ध होते, आणि आपला ‘विस्मय’, पालितील ‘विम्हय’, हाही त्याच कुळातला. पालित ‘सित’ या रूपाचे ‘पांढरा’ व ‘आश्रित’ असेही अर्थ होतात; परंतु ते शब्द व्युत्पत्तीने वेगळे आहेत. तथागतांच्या संदर्भात ‘सित’ला जोडून येणारे क्रियापद ‘पात्वाकासि’ हे आहे. त्याचा अर्थ ‘प्रकट केले’. हसू आवरले नाही, हसू फुटले, असा भाव या रचनेत नाही. जाणीवपूर्वक, इतरांना दिसावे अशा रीतीने केलेली ती कृती आहे.

हसण्याच्या या पायऱ्यांचे भान विनयपिटकातही आहे. गावात, घराघरांतून वावरताना भिक्खूने मोठ्याने हसू नये, असा सेखिय नियम आहे. तेथे ‘उज्जग्घिका’ हा शब्द येतो. मात्र हसण्याजोगी गोष्ट घडली आणि भिक्खूने केवळ ‘मिहित’ केले, तर दोष नाही, असे नियमाच्या विवरणात सांगितले आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातही दात दाखवून हसत राहणे हा पोरकटपणा मानला असून धम्माने आनंदित झालेल्यांना स्मितापुरते स्मित पुरे, असा उपदेश आहे. आनंदाला येथे मनाई नाही. त्याला संयमाची मर्यादा आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातही हास्याचे सहा प्रकार दिले आहेत. स्मित व हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, विहसित व उपहसित मध्यमांना, अपहसित व अतिहसित अधमांना, अशी ती वाटणी आहे. तेथे हसण्यावरून माणसाची श्रेणी ठरते. सुत्तपिटकातील प्रश्न निराळा आहे. हसणारा कोणत्या श्रेणीचा, असे तेथे कोणी विचारीत नाही. हसण्याचे कारण काय, असे विचारले जाते.

तथागतांच्या स्मिताची प्रमुख सुत्ते तीन : मज्झिमनिकायातील घटीकार व मखादेव आणि अंगुत्तरनिकायातील गवेसी. तिन्हींची मांडणी एकसारखी आहे. एखाद्या ठिकाणी तथागत स्मित प्रकट करतात. आयुष्मान आनंद त्याचा हेतू आणि प्रत्यय विचारतात. तथागत विनाकारण स्मित करीत नाहीत, ही त्यांची खात्री असते. मग तथागत कारण सांगतात आणि ते सांगणे हेच सुत्त ठरते. स्मित हा येथे कथनाचा आरंभ आहे, आणि प्रश्न विचारण्याचा शिष्याचा अधिकार त्यात गृहीत धरलेला आहे.

कारणे कोणती, हे आता पाहू. कोसल देशात चारिका करताना तथागत वाटेवरून बाजूला होतात आणि एका जागी स्मित करतात. पूर्वी तेथे वेभलिंग नावाचे गाव होते, कस्सप बुद्धांचा आराम होता आणि घटीकार नावाचा कुंभार राहत होता. हे ऐकताच आनंद आपली संघाटी चौपदरी घडी करून अंथरतात आणि तथागतांना तेथे बसण्याची विनंती करतात. पुढे सुत्तात येतो तो घटीकार आणि त्याचा ब्राह्मण मित्र जोतिपाल यांचा प्रसंग. जोतिपाल कस्सप बुद्धांना ‘मुंडका’ म्हणून हिणवतो आणि दर्शनाला येण्याचे टाळत राहतो. शेवटी घटीकार त्याचे नुकतेच धुतलेले केस धरतो. हीन जातीच्या कुंभाराने आपल्या केसांना हात घातला, याचे जोतिपालाला आश्चर्य वाटते. परंतु ज्यासाठी हा इतके धाडस करतो ती गोष्ट सामान्य नसावी, असे त्याच्या ध्यानी येते आणि तो जातो. पुढे तो प्रव्रज्या घेतो. घटीकार मात्र आंधळ्या, वृद्ध मातापित्यांसाठी घरीच राहतो. त्याच्या भांड्यांना ठरलेली किंमत नाही. ज्याला हवे त्याने तांदूळ किंवा मूग ठेवावा आणि भांडे न्यावे. काशीचा राजा किकी याने धान्याच्या गाड्या पाठविल्या, तेव्हा त्या राजाकडेच राहू द्याव्यात, असे त्याने कळविले. तो जोतिपाल म्हणजे मीच, असे तथागत शेवटी सांगतात. पूर्वजन्माच्या या चौकटीचा अर्थ कोणी कसाही लावो. आपल्या कथेत तथागत उणी बाजू स्वतःकडे घेतात आणि मोठेपण कुंभाराला देतात, ही गोष्ट बदलत नाही. सुत्ताला नावही कुंभाराचेच आहे.

मिथिलेच्या आंबराईतील स्मितामागे राजा मखादेवाची कथा आहे. डोक्यावर पिकलेला केस दिसताच राज्य सोडायचे, ही प्रथा त्याने घालून दिली आणि कळारजनकाने ती मोडली. ती प्रथा फार तर ब्रह्मलोकापर्यंत नेणारी होती. मी घालून दिलेली प्रथा अष्टांगिक मार्गाची आहे, तिचे तुम्ही शेवटचे पुरुष होऊ नका, असे तथागत बजावतात. गवेसी हा तर शीलात उणा पडलेला उपासक. तो एकेक पाऊल पुढे टाकतो, आणि त्याला जमते तर आपल्याला का जमू नये, असे म्हणून पाचशे उपासक त्याच्या मागोमाग येतात. १४ ऑक्टोबर १९५६ चा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाला या दोन्ही सुत्तांचा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. संयुत्तनिकायातील लक्खणसंयुत्तात महामोग्गल्लान गृध्रकूट उतरताना यातना भोगणारा एक जीव पाहतात आणि स्मित करतात. मग स्मिताचा करुणेशी काय संबंध? अट्ठकथेनुसार अशा अवस्थेतून आपण मुक्त झालो, या जाणिवेचे आणि बुद्धज्ञानाच्या स्मरणाचे ते स्मित होय. आमच्या मते मूळ सुत्तातील तपशील याहून बोलका आहे. लक्खण कारण विचारतात, तेव्हा मोग्गल्लान म्हणतात, हे भगवंतांसमोर विचारा. म्हणजे येथेही स्मित करणारा उत्तर देण्यास बांधलेला आहे, आणि तेही शास्त्यासमोर.

दुसरी अडचण अभिधम्मातील परिभाषेची. अर्हताच्या स्मिताला कारण असणाऱ्या चित्ताला ‘हसितुप्पाद’ म्हणतात आणि अभिधम्मत्थसंगहात त्याची गणना अठरा अहेतुक चित्तांत केली आहे. सुत्त म्हणते, स्मित विनाकारण नसते. अभिधम्म म्हणतो, ते अहेतुक आहे. हा विरोध वरवरचा आहे. अभिधम्मात ‘हेतु’ म्हणजे लोभ, द्वेष, मोह आणि त्यांच्या उलट अलोभ, अद्वेष, अमोह ही सहा मुळे. अहेतुक म्हणजे या मुळांविना उत्पन्न होणारे. अर्हताचे हसणे लोभातून येत नाही आणि द्वेषातूनही येत नाही, हे त्यावरून निश्चित होते.

आता आरंभीच्या वापरांकडे वळू. ‘लाफिंग बुद्धा’ ही मूर्ती चिनी परंपरेतील पुताई या भिक्खूची आहे. तेथे तो मैत्रेयाचा अवतार मानला जातो. त्या परंपरेविषयी आदर ठेवूनही तो शाक्यमुनी नव्हे, हे सांगितले पाहिजे. आणि धनलाभाची आशा हा तर उघड लोभ होय. अणुस्फोटाच्या नावाविषयी आनंदांचाच प्रश्न विचारावा : या स्मिताचा हेतू काय? शत्रूला धाक हे उत्तर असेल, तर त्याचे मूळ द्वेषात आहे. विजयाचा गर्व हे असेल, तर अभिधम्मात गर्वाची, म्हणजे ‘मान’ या चेतसिकाची, जागा लोभमूलक चित्तांतच आहे. दोन्ही उत्तरे हसितुप्पादाच्या व्याख्येबाहेर पडतात.

दोष सगळा इतरांचाच आहे, असेही नाही. ‘सित’चे मराठी करताना आपणही सहज ‘भगवान हसले’ म्हणून मोकळे होतो, आणि मग कोणतेही हसणे त्या शब्दात मावते. ‘स्मित प्रकट केले’ ही शब्दयोजना थोडी जड वाटली, तरी ती मूळ क्रियापदाशी प्रामाणिक आहे. शब्दांविषयीची ही दक्षता आपल्याला परकी नाही. पालि व्याकरण आणि कोश यांवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले काम महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. विहारातील प्रवचनात ही सुत्ते सांगताना आनंदांचा प्रश्न वगळू नये, एवढीच आमची सूचना. तो प्रश्न ज्यांच्या कानांवर पडला आहे, ते ‘बुद्ध हसला’ हे शब्द पुढच्या वेळी ऐकतील तेव्हा आधी कारण विचारतील.