यमूचे बिऱ्हाड

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० साली ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली, तेव्हापासून वाचकांनी अश्रू ढाळले ते यमूच्या केसांसाठी. ते योग्यच झाले. पण परवा कादंबरी पुन्हा हाती घेतली, तेव्हा मला अधिक सलले ते तिचे मुंबईचे बिऱ्हाड.

यमू आणि रघुनाथराव यांचा तिथला संसार हा या कादंबरीचा सर्वांत प्रसन्न भाग. वाड्यातली धुसफूस मागे पडते, वाचन सुरू होते, नवराबायको मोकळेपणी बोलू लागतात. हरिभाऊंची लेखणी इतकी सुखाने दुसरीकडे कुठे चालल्याचे मला तरी आठवत नाही. मग रघुनाथराव जातात आणि ते घर एकाएकी कोणाचेच राहत नाही. यमूला पुण्यास सासरी आणतात. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

ती तिथेच का राहिली नाही? रूढीचा धाक होता खरा, पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. याज्ञवल्क्याने निपुत्रिक पुरुषाच्या वारसांत पत्नीला पहिले स्थान दिले होते. मिताक्षरेने ते विभक्त झालेल्या पुरुषापुरते आखडले. वेगळे बिऱ्हाड म्हणजे वाटणी नव्हे. एकत्र कुटुंबातल्या विधवेला घराण्याच्या मिळकतीतून पोटगी तेवढी मिळे. जिथे भाकरी तिथेच वस्तरा, अशी ती कोंडी होती. पुनर्विवाह केलाच, तर १८५६ चा कायदा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेई.

हे हरिभाऊंना माहीत नसेल कसे? चुलते महादेव चिमणाजी आपटे वकील. त्यांनी पुण्यात काढलेल्या आनंदाश्रमाचा कारभार पुढे हरिभाऊंनीच पाहिला. तरी कादंबरीत मिळकतीच्या प्रश्नाला केसांइतके वजन नाही. मी याला उणीव म्हणणार नाही. कथा यमू सांगते आहे, आणि ज्या बाईला आपला वाटा असू शकतो हेच कोणी कधी सांगितले नाही, ती तो मागणार कोणत्या तोंडाने? मात्र आपण वाचकांनीही तो मागितला नाही, हे मला खटकते.

पुढे डॉ. गो. वि. देशमुखांच्या खटपटीने १९३७ चा कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. मृत्युपत्र नसेल तर पत्नी आज मुलाबाळांच्या आणि सासूच्या बरोबरीने वाटेकरी होते. पाडव्याची ओवाळणी तर स्त्रीधनच, तिला कोणी हात लावू नये! पण घटस्फोट झाला तर? नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घेतलेला कोथरूडचा फ्लॅट, बायकोने त्यात वीस वर्षे राबून संसार केला म्हणून निम्मा तिचा होत नाही. पोटगीसाठी दार ठोठवायचे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर मिळकत दोघांची मानतात आणि निम्मी बायकोची असते. यमूचे सासर फोंड्याला असते, तर हरिभाऊंना कादंबरीचा उत्तरार्ध निराळाच लिहावा लागला असता.